बाबा, गाडी गार असतानाच बघायची

पुणे,
रविवार, रात्र

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

दुपारी फोनवर बाबा म्हणाले, "त्या जुन्या डिझेल स्विफ्टचं ठरल्यात जमा आहे," आणि लगेच फोन आईकडे दिला. म्हणजे माझं ऐकून घ्यायचं नाही, एवढं तरी नक्की ठरलंय. म्हणून हे पत्र. पत्राला मधेच "बरं बरं, ठेव आता" म्हणता येत नाही.

डिझेल घेऊ नका, हे मी आता म्हणणार नाही, म्हणून दमले. राजारामपुरीतून मंडईपर्यंतच्या दोन किलोमीटरला डिझेल लागत नाही, पण आठवड्यातून दोनदा राधानगरीकडे शेतावर जायचं तर बाबांचं म्हणणं मला पटतं. शिवाय २०१३ च्या गाडीला नव्या बीएस-६ डिझेलसारखी धूर गाळणारी डीपीएफची भानगड नाही. ती गावातल्या छोट्या फेऱ्यांनी चोंदते आणि मग खर्चात पाडते. आणि स्विफ्टचं ते १३०० सीसीचं इंजिन मूळचं फियाटचं. तेच इंडिका व्हिस्टात होतं, तेच पुंटोत. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं तरी पार्ट मिळतात आणि उद्यमनगरात ते उघडलेलं नाही असा मिस्त्री सापडणार नाही. तेव्हा गाडीची निवड चुकीची नाही. माझी काळजी आहे ती बघण्याची.

मालक संध्याकाळी सहाला बोलावतोय, असं आई म्हणाली. सहाला जायचं नाही. दिवसभर फिरून गरम झालेलं डिझेल इंजिन सगळं लपवतं. सकाळी सातच्या आत जायचं आणि "आम्ही यायच्या आधी सेल मारू नका" असं आदल्या दिवशी स्पष्ट सांगायचं. गेल्या गेल्या नमस्कार-चमत्काराच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. कोमट लागलं तर चहा पिऊन परत यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. आमची गाडी घेताना फसगत इथेच झाली होती. तुम्हाला तेव्हा पूर्ण सांगितलं नव्हतं. विकणाऱ्याने "धुऊन ठेवली होती तुमच्यासाठी" म्हणत चालू इंजिनच हातात दिलं आणि आम्हाला केवढं कौतुक वाटलं! पहिल्याच थंडीत सकाळी सेल मारून मारून बॅटरी उतरली. चार नोझल आणि पंप मिळून ६८ हजार गेले.

गार इंजिनाला किल्ली फिरवली की इंजिन तापवणाऱ्या कॉइलचा मीटरमधला पिवळा दिवा विझू द्यायचा, मग सेल मारायचा. कोल्हापूरच्या हवेत तो क्षणात विझतो. एका दमात चालू झाली पाहिजे. सुरुवातीची टकटक चालेल, ती मिनिटभरात बसते. पण पहिल्या एकदोन सेकंदांत पुढच्या बाजूने साखळी खुळखुळल्यासारखा आवाज आला तर थांबा. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. बेल्ट बदलायचा खर्च नाही, म्हणून लोक खूश असतात, पण वेळेवर ऑइल न बदललेल्या गाडीची चेन ढिली होते आणि ती असं गार असतानाच बोलते.

आता रागावू नका बाबा. हा आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही.

स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून कुठला बेअरिंग गेला ते सांगणारे तुम्ही, हे मी लहानपणी तुमच्या लेथशेजारी डबा घेऊन उभी राहून बघितलंय. पण आता घरात टीव्हीचा आवाज कुठे असतो ते आईला विचारा. आणि वयाबरोबर ज्या बारीक पट्टीतलं आधी ऐकू येईनासं होतं, त्याच पट्टीतला हा आवाज असतो. म्हणून तुमच्या हाताखाली शिकलेला तो डिझेल पंप दुरुस्त करणारा आहे ना, त्याला बरोबर न्या. त्याचे कान तुम्हीच तयार केलेत. चेन आणि टर्बोची शिट्टी त्याच्यावर सोडा. डोळे तुमचे अजून कुणाहूनही चांगले आहेत, धूर तुम्ही बघा.

धुराचं तुम्हाला मी काय सांगणार! पण ऑइल इंजिनाची सवय असलेला माणूस कारच्या धुराला जरा जास्तच माफ करतो, हे मी पाहिलंय. सकाळी पहिला भपका पांढरा आला आणि गेला तर ठीक. येतच राहिला आणि गोडसर वास आला तर कूलंट जळतंय. निळा म्हणजे ऑइल पितेय. जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर थोडा काळा चालेल, मागचा माणूस दिसेनासा होईल एवढा नाही. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करून तिथेच उलटं ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक, उडून पडायला लागलं तर बोअर-रिंगा गेल्यात, पुढे बघूच नका. ऑइल काळं दिसेल, डिझेलचं ते होतंच. दुधाळ दिसायला नको. रेडिएटरची टाकी मात्र सेल मारायच्या आधी, गार असतानाच उघडायची. आत रंगीत कूलंट हवं. तांबूस नळाचं पाणी असेल तर मालकाने गाडी कशी ठेवली ते त्यातच कळलं.

खरी भीती मला इंजिनाची नाही, पाण्याची आहे. एमएच-०९ ची २०१३ ची गाडी म्हणजे तिने ऑगस्ट २०१९ चा महापूर पाहिलाय आणि जुलै २०२१ चा सुद्धा. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि दोन्ही वेळा पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. तेव्हा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीपासून चिखली-आंबेवाडीपर्यंत दारात उभ्या असलेल्या गाड्या कुठे गेल्या? सगळ्या भंगारात नाही गेल्या. धुऊन, वाळवून, नवी सीट कव्हरं घालून विकल्या गेल्या. चिखलीच्या मावशीची गाडी आठवते ना, स्टिअरिंगपर्यंत पाणी होतं. दिवाळीला अगदी छान चालत होती. पुढच्या पावसाळ्यात वायरिंगचे सॉकेट हिरवे पडले आणि काचा आपोआप खाली यायला लागल्या.

आणि बाबा, पाणी दाबलं जात नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. डिझेलचं कॉम्प्रेशन एवढं, की पुरात सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना कुणी घाईने एकदा जरी सेल मारला असेल तर कनेक्टिंग रॉड केसभर वाकतो. तशी वर्ष-दोन वर्षं चालते, मग एखाद्या घाटात ब्लॉक फोडून बाहेर येतो. म्हणून मालकाला सरळ विचारा, २०१९ ला आणि २०२१ ला गाडी कुठे उभी होती? उत्तरापेक्षा उत्तर देताना तो कुठे बघतो ते बघा. मग विम्याचा आधी क्लेम झालाय का, ते.

आई, इथे तुझं काम आहे. लोणच्याला बुरशी लागायच्या आधी तुला वास येतो. काचा बंद ठेवून एसी न लावता आत पाच मिनिटं बस. अत्तराचा भपकारा मारला तर जास्तच संशय घे. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, लोक सीट धुतात, पण गुंडाळीच्या तळाला राहिलेली गाळाची रेघ कुणी धूत नाही. पायपुसणी उचलून खालचा कार्पेट दाब, सीटच्या बोल्टांना गंज आहे का बघ, डिकीत स्टेपनी काढून तिच्या खालचा खळगा बघ. आणि हो, तुझ्या गुडघ्यांनी चारदा बसून-उतरून बघ. स्विफ्टची सीट खाली आहे. बाबा याला महत्त्व देणार नाहीत, तू दे.

चालवून बघायला रंकाळ्याला चक्कर नको. चौघं बसा, एसी लावा आणि पन्हाळ्याला जा. वीसेक किलोमीटर, आणि शेवटचा चढ सगळं सांगतो. तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमच्या खाली ही गाडी मुळातच मरगळलेली असते, तो दोष नाही. त्यावर टर्बोने ढकललं पाहिजे. आवाज वाढतोय आणि वेग वाढत नाही असं झालं तर क्लच संपलाय. वर पोहोचल्यावर मालकाने लगेच किल्ली बंद केली की मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवलं, हेही बघा. टर्बो गरम असताना खाडकन बंद करायची त्याची सवय असेल तर बेअरिंगला ऑइल न मिळता ते रोज भाजलंय.

मीटर १ लाख ३५ हजार दाखवतंय, बारा वर्षांच्या डिझेलला ते खरं वाटतं. उलट ५० हजार असतं तर मी घाबरले असते. तरी पॅडलची रबरं आणि सर्व्हिसच्या पावत्या जुळवून बघा. एजंटाने दाखवलेल्या दुसऱ्या, दिल्ली पासिंगच्या गाडीचा विचार सोडा. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेलवर हरित लवादाने २०१५ ला बंदी आणली, २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, तेव्हापासून त्या गाड्या स्वस्तात इकडे यायला लागल्या. एनओसी, नवं पासिंग, इथला टॅक्स धरला की स्वस्ताई उरत नाही.

कागदांचं मी बघते. आरसीवर बँकेचा बोजा, थकलेली चलनं, २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, १४ दिवसांत विमा नावावर. पंधरा वर्षं २०२८ ला भरतील, मग पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर, तेवढं भावात धरा.

शुक्रवारी रात्री निघते, शनिवारी पहाटे पोहोचेन. तोवर टोकन द्यायचं नाही, अगदी हजाराचं सुद्धा नाही.

तुमची,
ताई

ता. क. आई, मोठ्या बॅटरीत नवे सेल घालून ठेव. मोबाइलच्या उजेडात गंज नीट दिसत नाही.