आमच्या सातबाऱ्यावरचे अभयारण्य

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माळढोक पक्षी दिसेनासा झाल्याच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. तो ज्यांच्या रानात चरायचा, त्यांच्या बाजूनेही चार ओळी छापाव्यात ही विनंती. उत्तर सोलापूर तालुक्यात आमची सहा एकर कोरडवाहू जमीन आहे आणि ती अभयारण्याच्या हद्दीत आहे.

१९७९ मध्ये शासनाने सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले तब्बल ८,४९६ चौ. किमी क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर केले. त्यात वनखात्याचे माळ थोडके. बाकी मालकीची शेते, गावठाणे, बाजारपेठासुद्धा. वन्यजीव कायद्याच्या कलम २० प्रमाणे अधिसूचना निघाली की हद्दीतल्या जमिनीवर वारसाखेरीज कुणाला नवा हक्क मिळत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी चौकशी करून जमीन संपादित करावी किंवा मालकाचा हक्क कायम ठेवावा, ही वाटही त्याच कायद्यात आहे. पण ती चौकशी वर्षानुवर्षे रेंगाळली. सरकारने जमीन घेतली नाही, मोबदला दिला नाही आणि मालकाला ती सुखाने विकताही आली नाही.

थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी वडिलांनी दोन एकर विकायला काढले होते. गिऱ्हाईक ठरले, विसार घेतला. कचेरीत सांगितले, वनखात्याचा दाखला आणा. दाखल्यासाठी हेलपाटे घालता घालता गिऱ्हाईक निघून गेले आणि विसार परत करायला आईच्या पाटल्या मोडाव्या लागल्या. हेच वडील पूर्वी हरभऱ्यात माळढोक उतरला की आम्हाला हाताच्या खुणेने गप्प बसवून दाखवायचे. रब्बीच्या रानात पावसाळ्यात कुळव फिरतो आणि नेमका तोच या पक्ष्याचा अंडी घालायचा काळ. मादी एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. ते दिसले तर वडील तेवढा तुकडा सोडून औत पुढे न्यायचे. पाटल्या गेल्या त्या दिवसापासून आमच्या घरात माळढोकचे नाव कुणी चांगल्या तोंडाने घेतले नाही. गावोगाव हेच झाले, आणि याचे मला आजही फार वाईट वाटते.

पुढे अभयारण्य १,२२२ चौ. किमीवर आणले गेले. तोवर उजनीच्या पाण्याने ऊस आला होता. आमच्याच तालुक्यातले नान्नज तर द्राक्षाच्या सोनाका वाणाचे गाव. कोरडवाहू ज्वारी सोडून बागायत करणाऱ्याला मी दोष देणार नाही. ज्वारी ठेव, त्याचे एवढे पैसे देतो, असे त्याला कधी कुणी म्हटलेच नाही.

आता तरी ते म्हणावे. नान्नज परिसरात हद्दीत उरलेल्या मालकी जमिनींचे हक्क आधी निकाली काढावेत. ज्याला विकायची आहे त्याची जमीन शासनाने बाजारभावाने घ्यावी. ज्याला ठेवायची आहे त्याच्याशी करार करावा: ज्वारी, हरभरा, करडई किंवा पडीक गवत राखायचे, कीटकनाशक मारायचे नाही, तारेचे कुंपण घालायचे नाही आणि त्याबद्दल दरवर्षी एकरी ठरलेली रक्कम थेट खात्यात. काळवीट, लांडगा, खोकड अजून याच माळावर आहेत, त्यांनाही ते उपयोगी पडेल. राजस्थानात सम आणि रामदेवरा येथील केंद्रांत माळढोकची पिल्ले वाढवली जात आहेत. उद्या त्यातली काही इकडे आणायची ठरली, तर ती उसाच्या फडात उतरणार आहेत का?

आमच्या त्या दोन एकरांत अजून ज्वारीच आहे. असा करार होणार असेल तर पहिली सही करायला मी तयार आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक,
उत्तर सोलापूर तालुका