शाळेच्या कपाटात ॲड्रेनलिन हवे

संपादक महोदय,

शाळा सुरू होऊन काही आठवडे झाले आणि गणेश चतुर्थी दाराशी आली आहे. ज्या घरात लहान मुलाला एखाद्या अन्नपदार्थाची तीव्र ॲलर्जी आहे, त्या घराला वर्षातला हाच काळ सर्वांत अवघड जातो, कारण मूल आपल्या स्वयंपाकघराबाहेरचे सर्वाधिक खाते ते याच दिवसांत. माझी नात यंदा बालवाटिकेत जाऊ लागली. तिला काजू, पिस्ता आणि दूध यांची ॲलर्जी आहे. तिचे आईवडील दोघेही नोकरी करत असल्याने दिवसभराचे तिचे खाणेपिणे मी पाहते, आणि मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले असल्यामुळे या प्रश्नाची शाळेकडची बाजूही मला परिचयाची आहे. शिक्षण खाते आणि आरोग्य खाते यांच्याकडे आपल्या वृत्तपत्रामार्फत एक मागणी पोहोचावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. गोव्यातील प्रत्येक शाळेत, तीव्र ॲलर्जीच्या झटक्यात जीव वाचवणारे ॲड्रेनलिन हे औषध असावे आणि ते वेळेवर देऊ शकतील अशी निदान दोन प्रशिक्षित माणसे असावीत.

ही मागणी अनेकांना अवाजवी वाटेल, याची मला कल्पना आहे, कारण ॲलर्जी आणि पदार्थ न पचणे यांत गल्लत होते. दूध प्यायल्यावर ज्याचे पोट बिघडते त्याला दुधातील साखर पचत नाही. त्याला त्रास होतो, पण जिवाला धोका नसतो. ॲलर्जीत मात्र शरीराची प्रतिकारशक्ती त्या पदार्थातील प्रथिनावरच तुटून पडते. अगदी अल्प अंश पोटात गेला तरी काही मिनिटांत, क्वचित तासा-दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, आवाज घोगरा होतो, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो, रक्तदाब उतरतो आणि मूल मलूल होऊन पडते. डॉक्टर याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. चार-पाच वर्षांच्या मुलाला यातले काहीच नीट सांगता येत नाही. 'जीभ टोचते', 'घशात केस अडकला' असे काहीतरी ते बोलते, किंवा खेळ सोडून नुसते मोठ्या माणसाला बिलगून बसते. काही वेळा गांधी उठतही नाहीत आणि थेट श्वासच अडतो. ज्या मुलाला जोडीने दमा आहे, त्याच्या बाबतीत हा धोका अधिक असतो.

त्यातून काजू! गोव्यात काजू टाळायचा म्हणजे काय, हे बाहेरगावच्या माणसाला सांगून कळणार नाही. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेल्या या झाडाने आपले सगळे सणवार व्यापून टाकले आहेत. ओल्या काजूगरांची भाजी, मणगणे, शिरा, दोदोल, वाढदिवसाचा केक, पाहुण्याच्या हाती द्यायचे पाकीट, यांतले काहीही काजूवाचून पुरे होत नाही. हॉटेलातल्या रश्शाला दाटपणा यावा म्हणून वाटून घातलेला काजू तर डोळ्यांना दिसतही नाही. नातीविषयी सांगितले की आमच्याकडची वडीलधारी माणसे हमखास म्हणतात, काजू भाजताना टरफलाचे तेल लागले की आमच्याही हाताला फोड येतात, आणि चार दिवसांत बरे होतात. तो टरफलातील तेलाने होणारा त्वचेचा दाह. गरातील प्रथिनाची ॲलर्जी पूर्णपणे निराळी, आणि गर भाजला, तळला किंवा शिजवला तरी तिचा धोका टळत नाही. काजू, पिस्ता आणि आंबा ही एकाच वनस्पतिकुळातील झाडे आहेत. काजू बाधणाऱ्या बहुतेक मुलांना पिस्ताही बाधतो, आंब्याचा गर मात्र सहसा बाधत नाही. आमची नात मानकुराद आंबा दोन्ही हातांनी खाते. नारळ वेगळ्याच कुळातला असून तो तिला चालतो, हे आमचे भाग्य म्हणायचे. पातोळ्या, सोलकढी आणि नारळाच्या रसातले नाचणीचे सत्त्व यांमुळे दूध न चालणारे मूलही गोव्याच्या घरात पानावरून उपाशी उठत नाही.

याच ओघात पालकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. केसांचा किंवा रक्ताचा नमुना घेऊन शंभरभर पदार्थांची 'वर्ज्य' यादी हाती देणाऱ्या चाचण्यांची जाहिरात हल्ली फार दिसते. तशा यादीवर विसंबून वाढत्या मुलाचे अन्न तोडणे घातक आहे. त्वचेवरची किंवा रक्तातील आयजीई या ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडांची मान्यताप्राप्त चाचणीसुद्धा एकटी पुरत नाही; मुलाने काय खाल्ले आणि त्यानंतर काय झाले, या इतिहासाशी ती ताडून पाहावी लागते. दूध आणि अंडे यांची ॲलर्जी बरीच मुले मोठी होता होता मागे टाकतात, काजू-शेंगदाण्याची बहुधा राहते. ती गेली की नाही, हे इस्पितळात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तपासायचे असते. घरी कणभर देऊन बघण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

घरात काळजी घेणे आमच्या हाती आहे आणि ते आम्ही करतो. नातीची भांडी, तिचा डाव, तिचे वाटण वेगळे असते. बाहेर पडल्यावर हे सारे इतरांच्या हाती जाते. गेल्या चतुर्थीला नात्यातल्या एका घरी तिच्यासाठी मुद्दाम काजूशिवाय खतखते केले होते. पंगतीच्या घाईत कोणीतरी मणगण्यातला डाव त्याच पातेल्यात घातला. तेवढे पुरले. ज्यांनी आठवणीने वेगळे रांधले, त्या माणसांवर माझा अजिबात रोष नाही. खरी चिंता वाटली ती पुढे. जवळच्या दवाखान्यात तिला ॲलर्जीवरचे नेहमीचे इंजेक्शन आणि स्टेरॉइड देऊन बसवून ठेवण्यात आले, आणि मोठ्या इस्पितळात पोहोचेपर्यंत तिचा श्वास जड होत गेला. तिथे मांडीत ॲड्रेनलिन दिल्यावर काही मिनिटांतच तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

ॲनाफिलॅक्सिसमध्ये पहिले औषध ॲड्रेनलिन, याबद्दल वैद्यकशास्त्रात दुमत नाही. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत देतात, त्याचे प्रमाण मुलाच्या वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम असते, आणि उतार न पडल्यास पाच मिनिटांनी दुसरी मात्रा देता येते. ॲलर्जीच्या गोळ्यांनी किंवा सिरपने खाज कमी होते, पण सुजलेला घसा उघडत नाही आणि उतरलेला रक्तदाब चढत नाही. बरे वाटू लागल्यावरही मुलाला काही तास इस्पितळातच ठेवावे लागते, कारण तीच लक्षणे काही वेळाने पुन्हा उसळू शकतात. हे औषध दुर्मीळ नाही, महागही नाही. त्याची काचेची कुपी अगदी स्वस्त मिळते. अडचण आहे ती देण्याची. पंधरा किलोच्या मुलाला, एक मिलिग्रॅम औषध असलेल्या एक मिलिलिटरच्या कुपीतून जेमतेम ०.१५ मिलिलिटर औषध सुईत ओढून घ्यायचे असते, आणि समोर मूल घुसमटत असताना शिक्षिकेने किंवा आजीने ते अचूक करावे, ही अपेक्षा रास्त नाही. परदेशात यासाठी ठरावीक मात्रा भरलेले, मांडीवर दाबले की आपोआप टोचले जाणारे पेनासारखे साधन मिळते. आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांत ते सहजासहजी मिळत नाही. ज्यांचे कोणी परदेशात आहे, ते मागवून घेतात. इंग्लंडमधील स्विंडनला स्थायिक झालेले गोमंतकीय सुट्टीवर येतात तेव्हा त्यांच्याकडून कळते, की तिकडे २०१७ च्या ऑक्टोबरपासून शाळांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय असे साधन विकत घेऊन ठेवण्याची कायदेशीर मुभा आहे.

आपल्या देशात कायदा अजिबात नाही, असेही नाही. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार पाकीटबंद पदार्थांवर ग्लूटेनयुक्त धान्ये, कोळंबी-कुर्ल्यांसारखे कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढील सल्फाइट हे टिकाऊपणासाठीचे रसायन यांचा उल्लेख ॲलर्जीकारक म्हणून करणे बंधनकारक आहे. तीळ या यादीत नाही, हे मात्र तीळ घातलेल्या नेवऱ्या आणि खाजे खाणाऱ्या आपल्या राज्याने लक्षात घ्यायला हवे. उपाहारगृहांनी अशी माहिती द्यावी हा नियम जुलै २०२२ पासून लागू आहे, पण तो केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या आस्थापनांपुरताच. म्हणजे आमचे मूल प्रत्यक्षात जिथे खाते, ती खानावळ, तो गाडा, ती गावातली बेकरी आणि तो किनाऱ्यावरचा शॅक, हे सारे नियमाबाहेर राहतात. तिथे विचारले तर 'काजू नाही' असे उत्तर मिळते, आणि सांगणाऱ्याच्या मनात वर पेरलेले अख्खे काजू असतात, वाटणातला काजू नसतो. अन्न व औषध प्रशासनाने परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी लहान व्यावसायिकांना एवढे जरी समजावले तरी पुष्कळ काम होईल.

आता शाळेविषयी. शाळेत मुलाच्या खाण्यावर कोणा एकाचे नियंत्रण नसते. माध्यान्ह आहार महिला स्वयंसाहाय्य गट शिजवून आणतो, वाढदिवसाची चॉकलेटे वर्गात वाटली जातात, आणि डबा एकमेकांना देऊन खावा हे तर आम्हीच वर्षानुवर्षे शिकवत आलो. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. पट मोठा, कामे अनेक, आणि आपल्या हातून काही भलते झाले तर काय, ही भीती खरी असते. ती भीती जावी म्हणूनच लेखी आदेश हवा. प्रवेशाच्या अर्जावर ॲलर्जीची चौकशी करणारी एक ओळ असावी. ज्या मुलाला अशी ॲलर्जी आहे, त्याच्या डॉक्टरांनी भरून दिलेला एक पानाचा आराखडा मुलाच्या छायाचित्रासह वर्गात आणि आहार वाढणाऱ्यांकडे असावा: काय टाळायचे, लक्षणे कोणती, औषध किती. लक्षणे दिसताच आधी औषध, लगेच १०८ ला फोन, मुलाला चालवायचे नाही, आडवे करून पाय उंच ठेवायचे, श्वास लागला असेल तर टेकवून बसवायचे, इतके शिकायला अर्धा दिवस पुरतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका हे प्रशिक्षण देऊ शकतील. १०८ ची सेवा चांगली आहे, याची मला जाणीव आहे. पण सत्तरी किंवा सांगे तालुक्यातल्या आतल्या गावी, तेही पावसाळ्यात, रुग्णवाहिका कितीही वेगाने निघाली तरी वाटेतला वेळ लागतोच, आणि तेवढा वेळ भरून काढणारे औषध शाळेत हवे. मात्रा भरलेली साधने सरकारने एकगठ्ठा मागवली, तर एकेका पालकाला परदेशी नातेवाइकाची वाट पाहावी लागणार नाही.

शाळेत काजू किंवा शेंगदाणे यांवर बंदी घाला, असे मी म्हणत नाही. तशी बंदी पाळली जाणार नाही आणि ज्यांना ॲलर्जी नाही त्यांच्यावर तो अन्याय होईल. उलट, धास्तीने तान्ह्या मुलांना हे पदार्थ देणेच लांबणीवर टाकू नये. इंग्लंडमध्ये ६४० बालकांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तान्हेपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ खाणाऱ्या मुलांत पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी पुष्कळच कमी आढळली. अर्थात ज्या बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी आहे, त्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावे, आणि अख्खा दाणा लहान मुलाला कधीच देऊ नये, कारण तो श्वासनलिकेत अडकतो.

पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाने याबाबत परिपत्रक काढायचे ठरवले, तर त्यात एक वाक्य आवर्जून घालावे, अशी माझी विनंती आहे. हे औषध उन्हापासून दूर, सामान्य तापमानाला ठेवायचे असते आणि त्याची मुदत दर सत्राच्या आरंभी तपासायची असते, हे तर हवेच. पण ते ज्या कपाटात ठेवाल, त्याला कुलूप नसावे. माझ्या नोकरीच्या काळात प्रथमोपचाराच्या पेटीची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात असे, आणि मुख्याध्यापक बैठकीला तालुक्याच्या ठिकाणी गेलेले असत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा