मागच्या सस्पेन्शनचा दोष न शोधता सुटे भाग बदलून पैसे घेतल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख यांस,

महोदय,

माझ्याकडे आपल्या कंपनीची २०११ सालची पिकअप आहे. बेळगावच्या बाजारातून भाजी, आणि हंगामात आमच्या भागातली रताळी भरून मी ती जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरून गोव्यात नेतो. गाडी मी स्वतः चालवतो आणि घर तिच्यावरच चालते. वॉरंटी केव्हाच संपली आहे, ती मी मागतही नाही. आपल्या बेळगावच्या अधिकृत वर्कशॉपने दोष न शोधताच बिल लावले आणि धोकादायक अवस्थेतली गाडी दोनदा ‘ओके’ म्हणून माझ्या ताब्यात दिली, ही माझी तक्रार आहे.

आवाज मागच्या डाव्या बाजूने येत होता. हौदा रिकामा असला की छोट्या खड्ड्यातही ‘कट्कट्’ व्हायचे. माल भरला की ती कटकट कमी व्हायची, पण उतारावर ब्रेक दाबला आणि सोडला की खालून ‘धाड्’ असा एकच ठोका यायचा. शिवाय सरळ रस्त्यावर गाडी किंचित तिरकी चालते आहे असे वाटायचे. हे सगळे मी काउंटरवर नीट सांगितले. जॉब कार्डवर मात्र दोनच शब्द आले : ‘मागून आवाज’.

पहिल्यांदा दोन्ही शॉकअप बदलले. आवाज तसाच राहिला. दुसऱ्यांदा पाट्यांचे (गाडीचे वजन पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) शॅकल बुश, म्हणजे त्यांच्या टोकाच्या जोडातले रबर, बदलले, तरी काही फरक पडला नाही. तिसऱ्यांदा डिफरन्शियल (मागच्या दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा भाग) उघडावे लागेल म्हणून मोठे एस्टिमेट हातात ठेवले, आणि वर ‘एवढ्या जुन्या गाडीला आवाज येणारच’ हेही ऐकवले. तोवर कोणीही माझ्याबरोबर गाडीत बसून एक चक्कर मारली नव्हती. काढलेले जुने शॉकअप मी मागितले, तेही मिळाले नाहीत. त्यातून तेल गळत होते की नाही, हे मी आता कसे पडताळणार?

डिफरन्शियल किंवा बेअरिंग गेले असते तर वेग वाढेल तसा घुं-घुं आवाज चढत गेला असता. प्रॉपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) गेला असता तर गाडी जागेवरून निघताना आणि रिव्हर्स टाकताना ठोका आला असता. चाकांना ओट (अडसर) लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून शाफ्ट हाताने फिरवून पाहिला तरी क्रॉसचा खेळ कळतो. माझा आवाज खड्ड्यात आणि ब्रेकवर येत होता. म्हणजे संशय आधी पाटा आणि हौसिंग (मागच्या ॲक्सलचे कवच) जिथे यू-बोल्टने एकत्र आवळलेले असतात तिथे जायला हवा होता.

तिथेच दोष सापडला. एस्टिमेट घेऊन मी उद्यमबागेतल्या पाट्याचे काम करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी रिकाम्या गाडीतून माझ्यासोबत फेरी मारली. मग खाली शिरून डाव्या यू-बोल्टवरचा चिखल खरवडला. नटांच्या कडेने तांबूस भुकटी साचली होती आणि पाट्याखालच्या बैठकीवर घासून लोखंड चकचकीत झाले होते. ‘हे हलतंय,’ एवढेच ते म्हणाले. टेप लावून त्यांनी दोन्ही बाजूंना पाट्याच्या पुढच्या पिनपासून चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजले. अर्ध्या इंचाहून जास्त फरक निघाला. यू-बोल्ट उघडले तर पाट्याच्या पट्ट्या मधोमध धरणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके तुटलेले.

यू-बोल्ट ढिले पडले की ब्रेकचा आणि इंजिनाचा सगळा जोर त्या एका छोट्या डोक्यावर येतो, आणि ते तुटले की चाकासकट हौसिंग सरकायला मोकळे होते. भरलेली गाडी घेऊन मी अशा अवस्थेत घाट उतरत होतो, तेही आपल्या वर्कशॉपचा शिक्का असलेल्या जॉब कार्डाच्या भरवशावर. याचा मला आजही संताप येतो.

मिस्त्रींनी नवा सेंटर बोल्ट आणि नवे यू-बोल्ट घालून, गाडी चाकांवर उभी असताना ते आलटून-पालटून आवळले. माल भरून गाडी थोडी चालली की पुन्हा आवळायला या, असेही बजावले. ठोका बंद झाला, गाडी सरळ चालू लागली. आपल्या वर्कशॉपने घातलेल्या बुशपैकी एकाचे रबर मात्र पिळून फाटलेले निघाले. चाके लोंबकळत असताना बुशचे बोल्ट पक्के आवळले की असे होते. हे आपल्या प्रशिक्षित माणसांना ठाऊक असायला हवे.

बुशचे पैसे आणि दोन्ही वेळची मजुरी मला परत मिळावी. शॉकअप खराब होते याचा पुरावा दाखवावा, तो नसेल तर तीही रक्कम परत करावी. आणि मागून आवाज येतो म्हणून आलेली प्रत्येक जुनी पिकअप ग्राहकाला सोबत घेऊन चालवून पाहावी, आवाज केव्हा येतो ते जॉब कार्डवर लिहावे, काही बदलण्याआधी यू-बोल्टना पाना लावावा, असा लेखी आदेश आपल्या वर्कशॉपला द्यावा. या सीमाभागात माल वाहणाऱ्या कितीतरी गाड्या माझ्या गाडीइतक्याच जुन्या आहेत. पाना लावून पाहायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ही सेवेतील त्रुटी आहे. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी गाडी वापरणाराही त्या कायद्याने ग्राहकच ठरतो, त्यामुळे व्यावसायिक वापराचे कारण पुढे करू नये. ३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन.

सोबत : तिन्ही जॉब कार्डे, दोन बिले, डिफरन्शियलचे एस्टिमेट, तुटलेल्या सेंटर बोल्टचे आणि फाटलेल्या बुशचे फोटो. दोन्ही वस्तू मी जपून ठेवल्या आहेत, आपला माणूस येऊन पाहू शकतो.

आपला,
एक पिकअप मालक-चालक
जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव