फवारणीआधी रक्ततपासणी का नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फवारणीचे दिवस आले की त्याच त्या सूचना छापून येतात : हातमोजे घाला, मास्क लावा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका. सूचना चुकीच्या नाहीत. पण त्यांचा सूर असा असतो, की विषबाधा झालीच तर चूक फवारणाऱ्याची. भर उन्हात अंगभर रबरी पोशाख चढवून, भरलेला पंप पाठीवर घेऊन तासभर चालून दाखवा आणि मग बोला, असे म्हणावेसे वाटते.

तोंडाला रुमाल बांधला की भागले, हा समज तर घातकच. फवारताना विष नाकापेक्षा कातडीतून जास्त जाते. तेही सगळीकडे सारखे नाही. पॅराथिऑन या कीटकनाशकावरच्या प्रयोगांत कोपराखालच्या हाताच्या तुलनेत कपाळाची त्वचा सुमारे चौपट, तर जांघेतली नाजूक त्वचा दहा पटींहून अधिक विष शोषते असे दिसले होते. पाठीवरचा पंप गळू लागला की ओघळ कुठवर जातात, हे तो वाहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. आणि सर्वात धोक्याची वेळ पंप भरण्याची. बाटलीतले पाणी न घातलेले विष त्याच वेळी हातावर सांडते.

मला लिहायचे आहे ते मात्र याच्या पुढचे. क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके शरीरातल्या कोलिनेस्टेरेज या विकराला (एन्झाइमला) निकामी करतात. मज्जातंतूकडून स्नायूला गेलेला संदेश थांबवण्याचे काम या विकराचे. ते थांबले की लाळ, घाम, उलट्या, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, अंगाची थरथर आणि शेवटी श्वास अडकणे. सुरुवातीची लक्षणे उन्हाच्या त्रासासारखी दिसतात, म्हणून माणूस सावलीत बसतो, पाणी पितो आणि पुन्हा पंप उचलतो.

लाल पेशींमधला हा विकर पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. त्यामुळे रोज थोडे थोडे विष अंगात जाऊन विकराची पातळी खाली येत राहते, त्रास काहीच जाणवत नाही आणि एखाद्या दिवशी नेहमीएवढ्याच फवारणीने माणूस कोसळतो. लोक म्हणतात, ‘काल तर ठणठणीत होता!’ ठणठणीत नव्हता, एवढे रक्ताने आधीच सांगितले असते. अडचण अशी, की ही पातळी माणसागणिक बरीच वेगळी असते. हंगामाआधीची स्वतःची नोंद नसेल तर नंतरच्या आकड्यावरून फारसे काही ठरवता येत नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात ही विषे नियमित हाताळणाऱ्या शेतमजुरांची अशी तपासणी 1970च्या दशकापासून बंधनकारक आहे. लाल पेशींमधली पातळी मूळच्या 70 टक्के किंवा त्याखाली आली, की त्या मजुराला विषापासून दूर ठेवावे लागते. यात नवलाचे तंत्रज्ञान काही नाही, साधी रक्ततपासणी आहे. ती सगळ्या विषांना लागू पडत नाही, हेही सांगायला हवे. पॅराक्वाटसारख्या तणनाशकाचा तिला पत्ताच लागत नाही, आणि त्याला उताराही नाही. अशी औषधे बाजारातून काढून घेणे हाच त्यावरचा मार्ग आहे. युरोपीय संघात 2007पासून पॅराक्वाट बंद आहे.

वर्षानुवर्षांच्या फवारणीने होणाऱ्या आजारांचा हिशेब तर कुठेच लागत नाही. फ्रान्सने 2012मध्ये कीटकनाशकांच्या संपर्कात आलेल्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन हा व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला. अन्यत्र हातपाय थरथरणाऱ्या शेतकऱ्याला डॉक्टर वय विचारतात, पंप किती वर्षे वाहिला ते विचारत नाहीत.

म्हणून मागणी एवढीच, की फवारणीच्या हंगामाआधी आणि हंगामात कोलिनेस्टेरेजची तपासणी गावपातळीवर मोफत व्हावी. नोंद सातबाऱ्यावरच्या नावाने नको, फवारणाऱ्याच्या नावाने हवी, कारण पंप पुष्कळदा रोजंदारीवरच्या मजुराच्या पाठीवर असतो. आणि पातळी घसरल्यामुळे त्याला कामावरून थांबवले, तर तेवढ्या दिवसांची मजुरी कोण देणार, हेही त्याच आदेशात लिहिलेले असावे. नाहीतर तो तपासणीला येणारच नाही.

आपला,
एक वाचक