मॅडम, आईची पोत धरल्याबद्दल

नमस्कार मॅडम, ओपीडीतल्या त्या गर्दीत आम्ही तुमच्या लक्षात असू असं वाटत नाही. दारव्ह्याकडून एसटीने आलो होतो, आईच्या गळ्याला उजवीकडे लिंबाएवढी गाठ, सोबत बाबा आणि मी, थैलीत रिपोर्टचं भेंडोळं.

त्याआधी एका ठिकाणी ऑपरेशनची तारीखच मिळाली होती. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची उजवी बाजू काढून टाकू, डावी आहे ना, तिच्यावर भागते, असं तिथले डॉक्टर उभ्याउभ्याच बोलले. सोनोग्राफीवाल्यानं तर "पोत काढ, लवकर" म्हणून खेकसलं आणि आई घाबरली, कारण लग्नापासून तिनं ती कधी उतरवलीच नाही. रिपोर्टात काय होतं तर डावा भाग नॉर्मल! अहो जो भाग जन्मापासून गळ्यात नाहीच तो नॉर्मल कसा? तयार मजकुरात फक्त नाव बदलून कागद देतात वाटते.

तुम्ही म्हणालात, "पोत राहू द्या मावशी, मी धरते." एका हातानं पोत हनुवटीकडे धरून ठेवली आणि दुसऱ्या हातानं डावीकडे मशीन फिरवत राहिल्या, खाली, वर, परत खाली. मग जेलही तुम्हीच पुसलं. आईनं तुमच्याकडे कसं पाहिलं ते तुम्हाला दिसलं नसेल, तुमचे डोळे स्क्रीनवर होते, मला दिसलं.

थायरॉइड हेमीएजेनेसिस, हे नाव मी तुमच्याकडून पाठ करून घेतलं. एक बाजू जन्मतःच नसते, बहुतेक वेळा डावीच, आणि कित्येकांना आयुष्यभर पत्ताही नसतो. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, वाढलं की ते त्या एकट्या भागालाच काम कर काम कर म्हणून रेटते, मग तो फुगू शकतो, हे तुम्ही समजावलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे एकाच बैलावर बंडी चालली इतकी वर्षं." तुम्ही हसल्या, अन् आम्हालाही दोन महिन्यांनी हसू आलं.

पुढं सुईची तपासणी झाली, रिपोर्टात बेथेस्डा 2 आलं, म्हणजे कॅन्सर नाही. ते ऑपरेशन झालं असतं तर आईजवळ थायरॉइडच उरली नसती. हे आठवलं की मला अजून रात्री जाग येते. मशीन तर दोन्हीकडे होतीच हो. पाहणारा माणूस वेगळा होता, आणि असा माणूस भेटायला आमच्यासारख्यांना दोन बस बदलाव्या लागतात हा राग आहेच.

आई आता पहाटे उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते आणि अर्धा तास चहासाठी घड्याळाकडे पाहत बसते, त्यावरून रोज कुरकुर चालते. वर्षानं परत सोनोग्राफीला या म्हणालात. तारीख लिहून ठेवली आहे, फक्त त्या दिवशी सुट्टीवर जाऊ नका मॅडम, आई म्हणते, "त्या बाई नसतील तर मी टेबलावर झोपतच नाही."