टायब्रेकर म्हणजे मटका नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारी फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल अर्जेंटिनाने फ्रान्सविरुद्ध टायब्रेकरवर, म्हणजे बरोबरीनंतर दोन्हीकडून पाळीपाळीने पेनल्टी मारून, जिंकली. त्यावर बुधवारच्या अंकात ‘वाचकांची पत्रे’मध्ये एका वाचकाने लिहिले आहे की वर्ल्ड कपसारखी स्पर्धा पेनल्टीवर निकाली काढणे म्हणजे मटक्याचा आकडा लावण्यासारखे आहे, त्यापेक्षा सामना दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळवावा. त्याच पानावर खाली दुसऱ्या वाचकाने फ्रान्सच्या कोमान आणि चुआमेनी यांनी पेनल्टी घालवून ‘देशाची मान खाली घातली’ असे म्हटले आहे. दोन्ही पत्रे वाचून मला हसू आले आणि मग राग आला. मटका असेल तर त्या पोरांचा दोष काय? आणि त्यांचा दोष असेल तर तो मटका कसा? एकाच पानावर दोन्ही कसे चालेल? पण खरे सांगायचे तर आम्ही प्रेक्षक रोज हेच करतो. आपण हरलो की नशीब, आणि शिव्या द्यायला माणूस हवा असला की पेनल्टी घालवणारा.

मी स्वतः अकरा हंगाम गोलकीपर होतो. आमच्या पेठेतल्या एका तालमीच्या संघाकडून शाहू स्टेडियमवर खेळलो. त्यामुळे या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा अधिकार आहे असे समजतो.

रविवारी, १८ डिसेंबरला, जिल्ह्यात ग्रामपंचायतींचे मतदान होते. इतर वेळी त्या रात्री चौकात दुसरी चर्चा झाली नसती. पण संध्याकाळी सातपासूनच पडदा बांधून तयार होता आणि साडेआठला रस्त्यावर चालायला जागा नव्हती. कोल्हापूर मुळात दोन देशांत वाटले गेले आहे, अर्जेंटिना आणि ब्राझील. फ्रान्सला आमच्याकडे कुणी विचारत नाही. पण ब्राझील ९ तारखेला क्रोएशियाकडून टायब्रेकरवरच बाहेर गेला, तेव्हा त्या बाजूची सगळी पोरे रातोरात फ्रान्सची झाली. एमबाप्पेवरचे प्रेम वगैरे काही नाही, शेजारच्या गल्लीवरचा राग. (त्या सामन्यात नेमारला पेनल्टी मारायला मिळालीच नाही, तो पाचव्या नंबरला थांबला होता. रॉड्रिगोची क्रोएशियाचा कीपर लिव्हाकोव्हिचने अडवली, मार्किन्योसची खांबाला लागली आणि खेळ खलास. त्यावर आमच्याकडे आठवडाभर वाद चालू होते.)

फायनल सगळ्यांनी पाहिली आहे, ती पुन्हा सांगत बसत नाही. ७९ मिनिटांपर्यंत २-० होते आणि आमच्या अर्जेंटिनावाल्यांनी फटाक्यांच्या माळा उघडून ठेवल्या होत्या. मग ८० आणि ८१ व्या मिनिटाला एमबाप्पेने दोन गोल केले आणि चौकात असा शुकशुकाट झाला की कोपऱ्यावरच्या गाड्यावर कांदा चिरलेला ऐकू यावा. जादा वेळेत मेस्सीने ३-२ केले. मग अर्जेंटिनाच्या मोंटिएलच्या हाताला चेंडू लागला, पुन्हा पेनल्टी, ११८ व्या मिनिटाला ३-३. त्या क्षणी मोंटिएलच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. माझ्या पुढे बसलेल्या पोराने तर त्याचे नागरिकत्व रद्द करण्याची मागणी केली. अर्ध्या तासाच्या आत त्याच मोंटिएलने शेवटचा चेंडू जाळीत मारला आणि त्याच पोराने अंगातला शर्ट काढून ‘मोंटिएल, मोंटिएल’ म्हणत गाडीच्या टपावर नाच केला. विषय हार्ड, असे हल्लीची पोरे म्हणतात ते हेच.

आता नशिबाचे बघू. ज्यांना नशीबच बघायचे असेल त्यांनी १९६८ आठवावे. त्या वर्षी युरो स्पर्धेच्या सेमीफायनलमध्ये इटली आणि सोव्हिएत संघ यांच्यात एकही गोल झाला नाही आणि निकाल चक्क नाणे उडवून लावला. इटली फायनलला गेली. तो खरा मटका. असले प्रकार बंद व्हावेत म्हणूनच १९७० मध्ये पेनल्टीचा नियम आला. आणि दुसऱ्या दिवशी सामना पुन्हा खेळवा म्हणणाऱ्यांनी १२० मिनिटे धावलेल्या माणसाची पोटरी हाताने चाचपून बघावी, दगड लागतो.

पेनल्टी म्हणजे १२ यार्ड. गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच. चेंडू इतका जोरात येतो की तो निघाल्यावर झेप घेतली तर कीपर नुसता जाळी बघायला जातो. म्हणून आधी वाचावे लागते. मारणाऱ्याचा जमिनीवर टेकलेला पाय बघायचा. त्या पायाचा पंजा जिकडे, चेंडू बहुतेक तिकडे. कमरेकडे बघायचे. डोळ्यांकडे बघू नये, डोळे खोटे बोलतात. आणि जास्तीत जास्त उशिरा हलायचे, कारण तुम्ही लवकर पडलात की समोरचा आरामात दुसरीकडे ठेवतो. आता तर झेप घेताना एक पाय रेषेवर राहावा लागतो आणि तो कॅमेऱ्यातून तपासतात. याच मार्चमध्ये गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) फायनलमध्ये हैदराबादचा कीपर लक्ष्मीकांत कट्टीमनीने केरळच्या निशू कुमारची पेनल्टी अडवली. तो रेषा सोडून आधी पुढे आला म्हणून रेफरीने पुन्हा मारायला लावली. कट्टीमनीने तीही अडवली. त्या टायब्रेकरमध्ये त्याने तिघांना अडवले आणि हैदराबाद ३-१ ने जिंकले. माझा भाचा वास्कोला नोकरीला आहे, तो त्या दिवशी स्टेडियममध्ये होता. म्हणाला, “मामा, सगळं स्टेडियम पिवळं हो, केरळचं. आणि या गोव्याच्या पोरानं सगळ्यांना गप्प केलं.” आता याला मटका म्हणायचे असेल तर कट्टीमनीला भेटून म्हणावे.

अर्जेंटिनाचा कीपर मार्टिनेझने रविवारी जे केले ते मला पूर्णपणे पटले असे नाही. चुआमेनी येताना दिसल्यावर त्याने चेंडू लांब फेकून दिला, त्या पोराला तो आणायला जावे लागले. एवढ्या मोठ्या मैदानात, एवढ्या लोकांसमोर ती पावले फार लांब असतात. चुआमेनीने खांबाच्या बाहेर मारली. हे खेळाला शोभते का, हा वेगळा वाद आहे, पण हे नशीब नक्कीच नव्हे. आमच्या वेळी आम्हीही थोडेफार असे करत होतो. पायातली लेस उगाच सोडून बांधायची, रेफरीला चेंडू बरोबर ठेवलाय का बघा म्हणायचे. रेफरी ओळखीचा असला तर शिवी खायची.

विरोधात कुणी स्पेनचे उदाहरण देईल. त्यांच्या प्रशिक्षकाने खेळाडूंना वर्ल्ड कपला येण्यापूर्वी हजार-हजार पेनल्टी मारून यायला सांगितले होते, आणि मोरोक्कोविरुद्ध टायब्रेकरमध्ये एकही आत गेली नाही. मान्य. पण त्यातल्या एका खांबाला लागलेल्या चेंडूचे सोडून बाकीच्या दोन मोरोक्कोचा कीपर बोनोने अडवल्या, हे कुणी सांगत नाही. माझी मुख्य तक्रार इथेच आहे.

कोमानची पेनल्टी चुकली नाही. ती अडवली गेली. चेंडू गोलच्या आत चालला होता, मार्टिनेझने झेप घेतली आणि तो बाहेर काढला. चुआमेनीची बाहेर गेली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरी सोमवारी सगळीकडे, आपल्या पानावरही, ‘कोमान, चुआमेनी चुकले’ असे एकत्र छापून आले. आणि इंटरनेटवर त्या दोघांना त्यांच्या कातडीच्या रंगावरून काय काय ऐकवले गेले, ते वाचवत नाही. कोमानच्या क्लबला, बायर्न म्युनिकला, दुसऱ्याच दिवशी निषेधाचे पत्रक काढावे लागले. गेल्या वर्षी वेम्बलीत युरोच्या फायनलनंतर इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्याबाबतीत हेच झाले. साका १९ वर्षांचा होता. मँचेस्टरमध्ये रॅशफर्डचे भिंतीवर काढलेले मोठे चित्र कुणीतरी रातोरात विद्रूप केले. मग आसपासच्या लोकांनी, शाळेच्या पोरांनी त्यावर चिठ्ठ्या आणि कागदी बदाम चिकटवून ती जागा झाकून टाकली. त्याच टायब्रेकरमध्ये इंग्लंडचा कीपर पिकफर्डने इटलीच्या दोन पेनल्टी अडवल्या होत्या, बेलोट्टी आणि जॉर्जिन्योच्या. तो कुणाच्या लक्षात आहे?

१९९४ ची फायनल म्हटली की बॅजियोने आकाशात मारलेला चेंडू. त्याच दिवशी इटलीकडून बारेसी आणि मासारो यांच्याही आत गेल्या नव्हत्या, हे आमच्या तालमीतल्या भल्याभल्यांना माहीत नाही. बॅजियोने १९९० आणि १९९८ च्या वर्ल्ड कपमध्येही टायब्रेकरला मारली आणि दोन्ही वेळा गोल केला. पण शेवटी ज्याच्या पायात चेंडू असतो, त्याच्याच नावावर सगळे जमा होते.

माझ्या संघात एक राईट बॅक होता. नाव लिहीत नाही, पेठेत सगळ्यांना माहीत आहे. १९८६-८७ च्या हंगामात एका फायनलमध्ये टायब्रेकर लागला. मी एक अडवली होती, त्यामुळे आम्ही पुढे राहायला हवे होते, पण आमची तिसरी बारला लागली आणि पाचवी याच्याकडे आली. समोरच्या कीपरने पायाने काढली. काही वावगे केले नव्हते पोराने, जोरात आणि खाली मारली होती. त्या रात्री तालमीच्या दारात कुणी त्याच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या घराच्या पायरीवर कुणीतरी फाटका बूट आणून ठेवला. महिनाभर तो प्रॅक्टिसला आला नाही, मग कधीच आला नाही. उद्यमनगरात लेथवर लागला. मी एक अडवली म्हणून मला मात्र हार घातला होता, आणि तो हार घालून मी घरी गेलो, हे मला आजही आठवते आणि चांगले वाटत नाही. त्याच्या घरी जायला हवे होते.

रविवारी तो माझ्या शेजारीच बसला होता. जादा वेळेतही ओरडत होता, १२३ व्या मिनिटाला मार्टिनेझने डाव्या पायाने फ्रान्सच्या कोलो मुआनीचा गोल वाचवला तेव्हा माझा दंड पकडून हादरवून सोडला. टायब्रेकर जाहीर झाला तसा उठला. “मी चा घेऊन येतो,” म्हणाला आणि गेला तो गेलाच. गाड्याजवळ पडद्याकडे पाठ करून उभा राहिला, हातात रिकामा ग्लास. मोंटिएलचा गोल झाला, गुलाल उडाला, फटाके वाजले, कुणाचे कुणाला ऐकू येईना. मी गर्दीतून त्याच्यापर्यंत पोचलो. त्याने मला जिंकले कोण हे विचारले नाही, ते आवाजावरून कळलेच होते. विचारले, “कोण चुकलं रं?”

मी म्हटले, एकाची बाहेर गेली, एकाची कीपरने काढली.

“काढली ना? मग चुकला न्हाई,” म्हणाला आणि ग्लास गाड्यावर ठेवला.

संपादक महाशय, केएसएचा (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा) हंगाम आता सुरू होतो आहे. शाहू स्टेडियमवर यंदाही चार-पाच फायनल टायब्रेकरवर, नाहीतर सडनडेथवर (पाच-पाच पेनल्टींनंतरही बरोबरी राहिली की एकेक मारून) जातील. आपल्या बातमीत पेनल्टी कीपरने अडवली असेल तर ‘अडवली’ असे छापावे आणि कीपरचे नाव मोठे करावे. बाहेर गेली असेल तर नुसते ‘बाहेर गेली’ म्हणावे. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराचे नाव मथळ्यात घालून फोटो लावू नये. फोटो लावायचाच असेल तर चेंडू जाळीतून काढून आणणाऱ्या कीपरचा लावा, आमचा फोटो तसाही कधी येत नाही.

माझा मित्र सकाळी चहाच्या गाड्यावर आपलाच पेपर वाचतो. पाने उलटी उघडतो, खेळाचे आधी.

आपला,
एक जुना गोलकीपर
मंगळवार पेठ, कोल्हापूर
२२ डिसेंबर २०२२