बंदरातला दिवस बातमीत का नसतो?

महोदय,

भारतीय नौदलाच्या 'तारिणी' या ५६ फुटी शिडाच्या नौकेने २०२४-२५ मध्ये केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या बातम्या नाशिकमध्ये बसून मी आवडीने वाचल्या. मात्र फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन या बंदरांतील मुक्काम 'विश्रांती' या एका शब्दात उरकलेले दिसले. मित्राच्या शिडाच्या नौकेतून गोव्याकडे जाताना रत्नागिरीच्या बंदरात आमचा अख्खा दिवस दुरुस्तीत गेला. शिडाची उसवलेली शिवण मेण लावलेल्या दोऱ्याने घालताना बोटे सोलली, आणि कप्पीत घासून झिजलेली दोरी तर कापूनच टाकावी लागली. (गंगापूर धरणातल्या गोड्या पाण्यावर शिकलेल्या आम्हांला समुद्राच्या मिठाचा हा प्रताप ठाऊक नव्हता.) पुढील मोहिमेच्या वेळी अशा कामांचाही तपशील आपण छापावा, ही विनंती.

— एक वाचक, नाशिक